मूळ मीटर, नवं इंजिन : शेव्हीच्या जुन्या पिकअपसाठी डकोटा डिजिटलचे दोन डबे

१९७३ ते १९८७ च्या शेव्हरोले सी१० पिकअपमध्ये जनरल मोटर्सच्या (जीएम) नव्या एलएस घराण्यातलं ५.३ लिटरचं व्ही८ इंजिन बसवणं अमेरिकेत आता इतकं रुळलंय की माउंट, ऑइल पॅन, एक्झॉस्ट सगळं तयार मिळतं. घोडं अडतं ते डॅशबोर्डपाशी. इंजिन किल्लीसरशी सुरू होतं, गिअर पडतात, आणि समोरचे काटे जागचे हलत नाहीत. स्पीडो शून्यावर, तापमान तळाला, ऑइलचा काटा शेवटच्या खुंटीला टेकलेला. मग बरेच जण मूळ मीटर काढून टाकतात आणि त्या जागी पूर्ण डिजिटल क्लस्टर (मीटरांचा संच) बसवतात. त्या काळच्या ट्रकची अर्धी ओळख त्या काचेमागच्या गोल मीटरांत असते, म्हणून ते वाचवण्यासाठी थोडी खटपट करायलाच हवी.

या खटपटीत ज्यांचं नाव हमखास निघतं ती म्हणजे डकोटा डिजिटलची दोन उपकरणं : ईसीडी-२००बीटी आणि एसजीआय-१००बीटी. कंपनी साउथ डकोटामधल्या सू फॉल्सची, १९८६ पासूनची. पहिला डबा इलेक्ट्रॉनिक सिग्नल घेऊन आतल्या मोटरीने स्पीडोची केबल फिरवतो. दुसरा स्पीडो आणि टॅकोमीटरचा (इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा) सिग्नल एका प्रमाणातून दुसऱ्या प्रमाणात बदलतो. दोन्ही फोनवरच्या अॅपमधून ब्लूटूथने सेट होतात.

निकाल आधीच सांगतो. केबलचा डबा घ्या, त्याला पर्याय फारसा नाही. सिग्नलचा डबा दहातल्या आठ जणांना लागत नाही, कारण तेच काम इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच होतं. आणि तापमान, ऑइल, बॅटरी यांसाठी दोन्ही डब्यांचा काडीचा उपयोग नाही. तिथे पैसे सेंडरवर (इंजिनवर बसून मीटरला सिग्नल देणाऱ्या सेन्सरवर) आणि मेहनत अर्थिंगवर घालायची.

डबा मागवण्याआधी मीटर जिवंत आहे का बघा

जुन्या इंजिनात प्रत्येक मीटरला स्वतःची एक वायर आणि तिच्या टोकाला एक सेंडर असायचा. नवं इंजिन सगळी माहिती पीसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) देतं आणि नव्या ट्रकचा क्लस्टर ती डेटा लाइनवरून वाचतो. सी१० च्या क्लस्टरला डेटा लाइन कळत नाही, त्याला ओहम कळतात. त्यामुळे काटा न हलण्याचं कारण मीटरमध्ये आहे की खाली इंजिनवर, हे पाच मिनिटांत ठरवता येतं.

इंजिन बंद, इग्निशन चालू. तापमानाच्या सेंडरची वायर काढून मोकळी धरा : काटा थंड बाजूला हवा. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा : काटा थेट गरम टोकाला जायला हवा. ऑइल प्रेशरचं मीटर विजेचं असेल तर तिथे उलट : मोकळी वायर म्हणजे काटा पूर्ण वर, ब्लॉकला टेकवली की शून्य. इंधनाचंही तसंच, टेकवली की रिकामी टाकी, मोकळी सोडली की ‘फुल’च्याही पुढे. जीएमचं इंधनाचं मीटर ० ते ९० ओहमवर चालतं, म्हणून बाजारात सहज मिळणारा ४७ ओहमचा रेझिस्टर वायर आणि अर्थ यांच्यामध्ये लावला की काटा निम्म्याच्या आसपास थांबला पाहिजे. तो पाऊण टाकी दाखवत असेल तर दोष टाकीतल्या फ्लोटचा नाही, वर क्लस्टरमध्ये आहे.

क्लस्टरमागे तांब्याच्या पट्ट्या छापलेलं लवचिक प्लास्टिकचं सर्किट असतं. मीटरचे खिळे त्यातून आरपार येतात आणि नटांनी आवळलेले असतात. चाळीस-पन्नास वर्षांत तिथे काळी पुटं चढतात. नट सैल करून खिळे आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करायची, नट पुन्हा बेताने आवळायचे. जोर लावला तर पट्टी फाटते आणि नवं सर्किट शोधावं लागतं. क्लस्टरची अर्थ वायर थेट बॉडीच्या स्वच्छ धातूला एक वेगळी ओढून घ्या. ‘स्वॅपनंतर (इंजिन बदलल्यावर) सगळीच मीटरं वेड्यासारखी वागतात’ अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा इथेच गाठ सुटते. दुसरी गाठ इंजिनपाशी : इंजिन ते चेसिस, इंजिन ते फायरवॉल आणि बॅटरी ते ब्लॉक असे तीन जाड अर्थ पट्टे हवेत. एका वायरीचे सेंडर स्वतःच्या आट्यांमधून अर्थ घेतात. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं, पट्टा लावायचा राहिलेला, तर सेंडर कितीही महागाचा घ्या, काटा खोटंच बोलणार.

तापमान : खरं काम इथे आहे

सगळ्यात जास्त चुका तापमानात होतात, कारण इंजिनवर आधीच एक सेन्सर दिसतो आणि त्यालाच जुनी वायर जोडायचा मोह होतो. डाव्या हेडच्या पुढच्या टोकाला असलेला तो दोन पिनांचा सेन्सर पीसीएमचा आहे. त्यावर ५ व्होल्टचा संदर्भ असतो आणि त्याच्या आकड्यावर इंधन, इग्निशन, पंखे सगळं ठरतं. त्याला मीटरची १२ व्होल्टची वायर जोडली की मीटर तर नीट चालत नाहीच, पीसीएमलाही चुकीचं तापमान कळतं आणि इंजिन जास्त पेट्रोल ओढतं किंवा पंखे लागत नाहीत. मीटरसाठी वेगळा सेंडर हवाच.

त्याची जागा उजव्या हेडच्या मागच्या टोकाला आहे. तिथे एम१२×१.५ आट्यांचा प्लग असतो. हेड गाडीत असताना फायरवॉल आणि हेड यांच्यात जेमतेम हात जातो, म्हणून हे काम इंजिन बाहेर असतानाच उरकावं. मूळ सी१० चा सेंडर १/२ इंच एनपीटीचा (अमेरिकन पाइप-आट्यांचा), म्हणजे त्या भोकापेक्षा खूपच जाड. लोक अॅडॉप्टर लावून तो बसवतात. आटे जुळतात, गळत नाही, आणि तरी काटा कायम थंड दाखवतो. कारण सेंडरचं टोक अॅडॉप्टरच्या पोटात राहतं, वाहत्या कूलंटला लागतच नाही.

दोन रस्ते बरे आहेत. एक, जीएमच्या जुन्या मीटरच्या ओहमप्रमाणे बनवलेला पण थेट एम१२×१.५ आट्यांचा सेंडर घेणं. दुसरा, भोक मोठं करून ३/८ एनपीटीचा टॅप मारणं आणि त्या मापाचा जीएम सेंडर बसवणं. त्यासाठी ३७/६४ इंचाचं ड्रिल लागतं. हेड अॅल्युमिनियमचं असतं (१९९९-२००० च्या काही ६.० लिटर एलक्यू४ इंजिनांवर बिडाची हेडं आली, ती सोडून), त्यामुळे टॅप हलक्या हाताने, दर अर्ध्या फेरीला मागे घेत मारायचा. टॅपच्या खाचांत जाड ग्रीस भरलं की चुरा त्यातच अडकतो. तरी उरलेला चुरा लोहचुंबकाला लागत नाही, म्हणून शेवटी पाण्याने धुऊन हवा मारावी. एनपीटीचे आटे निमुळते असतात. टॅप पूर्ण आत घालू नका, मधून मधून सेंडर फिरवून बघा. तीन-साडेतीन फेऱ्या हाताने बसला की थांबा.

टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे गुंडाळायची सवय इथे नडते. एका वायरीच्या सेंडरचा अर्थ तुटू शकतो. द्रवरूप सीलंटचा पातळ थर पुरतो. बसवून झाल्यावर मल्टिमीटरने सेंडरच्या षट्कोनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, अर्ध्या ओहमच्या खाली यायला हवं.

सेंडर खरा कसा ओळखायचा? दुकानात ‘जीएम’ लिहिलेले डझनभर प्रकार असतात आणि त्यात नुसता दिवा लावणारा स्विचही असतो. स्विच मोजला तर थंड असताना अनंत आणि गरम झाल्यावर शून्य, मधलं काही नाही. खरा सेंडर गॅसवर ठेवलेल्या पाण्यात धरला की ओहम हळूहळू उतरतात : थंडीत हजारच्या वर, उकळत्या पाण्यात दोनशेच्याही बरेच खाली. थर्मामीटर सोबत ठेवून तीन-चार आकडे टिपून ठेवले तर पुढे मीटरशी ताडून बघता येतात.

काटा नेमका कुठे उभा राहतो हे स्कॅन टूलने एकदा ताडून घ्या. गरम झालेलं स्टॉक ५.३ साधारण १९५ ते २१० अंश फॅरनहाइटमध्ये फिरतं. त्या वेळी मूळ काटा मधल्या रेघेच्या थोडा अलीकडे-पलीकडे असेल तर काम झालं. हेडच्या पुढच्या आणि मागच्या जागेत काही अंशांचा फरक पडणारच, त्यासाठी सेंडर बदलत बसू नये. १९९८ च्या कॅमारोवर तीन पिनांचा सेन्सर यायचा, त्यात दोन पिना पीसीएमच्या आणि तिसरी मीटरची. तो डाव्या हेडच्या मूळ जागी बसतो आणि टॅप मारायचा त्रास वाचतो. पण त्याची वक्ररेषा प्रत्येक मीटरला जुळेलच असं नाही. तो लावायचा तर वरची पाण्याची चाचणी आधी करा.

ऑइल प्रेशर

एलएसचा ऑइल सेन्सर इंजिनच्या पाठीमागे, इनटेकच्या मागच्या कडेखाली, एम१६×१.५ आट्यांच्या भोकात असतो. तो तीन वायरींचा आहे आणि ओहमऐवजी व्होल्टमध्ये बोलतो, ०.५ पासून ४.५ पर्यंत. जुन्या विजेच्या मीटरला पुन्हा ० ते ९० ओहमचा जीएम सेंडर हवा आणि तो बसवायला एम१६×१.५ ते १/८ एनपीटीचा अॅडॉप्टर. काही वर्षांच्या सी१० मध्ये ऑइलचं मीटर नळीचं असतं. तिथे त्याच अॅडॉप्टरवर नळीचं फिटिंग लावलं की झालं, ओहमचा प्रश्नच नाही. फक्त जुनी प्लास्टिकची नळी फेकून तांब्याची घ्या. गरम एक्झॉस्टजवळून गेलेली प्लास्टिक नळी फुटली तर तेल थेट केबिनमध्ये येतं.

जुना सेंडर डबीएवढा जाड आणि वजनदार असतो. पितळी अॅडॉप्टरच्या बारीक मानेवर तो लटकवला की कंपनाने मान तुटते आणि तेल उडतं. म्हणून सेंडर फायरवॉलवर क्लॅम्पने बसवून मधे लवचिक दाबनळी घालतात. मग सेंडरला अर्थ वेगळा द्यावा लागतो, हे विसरू नका. मागे हात जातच नसेल तर ऑइल फिल्टरच्या वर दोन बोल्टांची छोटी झाकणपट्टी असते. ती काढून बाकावर तिच्यात १/८ एनपीटीचा टॅप मारला तर तिथूनही दाब मिळतो, आणि काम बरंच सोपं.

सी१० च्या मीटरची पट्टी ६० पीएसआयपर्यंतच आहे. थंड इंजिनात एलएसचा दाब त्याच्या वर सहज जातो, काटा टोकाला टेकतो, हा दोष नव्हे. उलट गरम इंजिन आयडलला खाली येतं आणि लोक घाबरतात. जीएमचा किमान आकडा गरम तेलावर १००० आरपीएमला ६, २००० ला १८ आणि ४००० ला २४ पीएसआय आहे. काटा त्याच्या वर असेल तर बॉनेट उघडायची घाई नको.

बॅटरी

व्होल्टमीटर असेल तर त्याला स्वॅपशी देणंघेणं नाही. काळजी अल्टरनेटरच्या ‘एल’ टर्मिनलची. त्याला थेट १२ व्होल्ट दिले तर रेग्युलेटर जळतो. मधे दिवा किंवा काहीशे ओहमचा रेझिस्टर हवा. अमीटर असलेल्या सालातल्या ट्रकमध्ये मूळ वायरिंगच मोजमापाचा भाग असतं. चार्जिंगची जाड वायर नव्या मार्गाने नेली की त्याचा काटा निरर्थक होतो. तिथे त्याच जागी बसणारं नंतरच्या सालाचं व्होल्टमीटर घालणं शहाणपणाचं.

टॅकोमीटर आणि एसजीआय-१००बीटी

जुनं टॅक एचईआय (जीएमचं जुनं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलमधून सिग्नल घ्यायचं. व्ही८ मध्ये एका फेरीला चार स्पार्क, म्हणून चार पल्स. एलएसमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे आणि एक कॉइल दोन फेऱ्यांत एकदाच पेटते. त्यातल्या एखाद्या कॉइलच्या वायरीला टॅक जोडण्यात काही अर्थ नाही. सिग्नल पीसीएममधूनच घ्यायचा. जेन-३ (तिसऱ्या पिढीच्या) ट्रकच्या पीसीएमवर (ज्याला सगळे ०४११ म्हणतात तो आणि त्याची भावंडं) लाल कनेक्टरवर, २००३ पासून हिरव्यावर, १० नंबरच्या पिनेला पांढरी वायर असते, ती टॅकची. मूळ सेटिंगमध्ये ती फेरीला दोनच पल्स देते, म्हणून व्ही८ चं टॅक बरोबर निम्मं दाखवतं : इंजिन २००० वर, काटा १००० वर.

निम्मं दाखवणारा काटा ही आनंदाची बातमी आहे, कारण वायरिंग बरोबर आहे. दुरुस्ती ट्यूनिंग सॉफ्टवेअरमध्ये होते. स्वॅपसाठी चोरीविरोधी लॉक आणि मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद करायला पीसीएम तसाही कुणाकडे तरी जातोच, त्याच वेळी टॅक आउटपुट चार पल्सवर करून मागा.

काटा अजिबात हलत नसेल किंवा थरथरत असेल तर पुल-अप रेझिस्टर राहिला. पीसीएमचं हे आउटपुट वायर फक्त अर्थकडे ओढतं, वर १२ व्होल्ट आणत नाही. ४.७ किलोओहम, पाव वॅटचा रेझिस्टर घ्यायचा. एक पाय टॅकच्या वायरीला, दुसरा इग्निशन चालू असतानाच १२ व्होल्ट येणाऱ्या वायरीला. दोन्ही सांधे सोल्डर करून त्यावर श्रिंक ट्यूब. कायम १२ व्होल्टवर जोडला तर गाडी बंद असतानाही पीसीएमच्या पिनेवर व्होल्ट बसून राहतात. जुन्या वायरीत टॅकसाठी एक छोटा फिल्टर असतो, तो काढून टाका. तो कॉइलच्या झटक्यांसाठी होता, या नाजूक सिग्नलला तो गिळून टाकतो.

इतकं करूनही काही जुनी टॅक दाद देत नाहीत. त्यांना कॉइलचा शेकडो व्होल्टचा झटका हवा असतो, १२ व्होल्टची चौकोनी लाट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. इथे सिग्नल बदलणारा डबा खरा कामाला येतो, पण कॉइलसारखा जास्त व्होल्टचा झटका देणारं आउटपुट आपल्याला हवं आहे हे विकत घेतानाच वायरिंगच्या पानावर बघून घ्या. रिलेची कॉइल वापरून असा झटका बनवायची युक्ती बरेच जण सांगतात. ती पीसीएमच्या पिनेवर थेट लावू नका, ती पिन एवढा करंट ओढण्यासाठी नाही.

म्हणजे एसजीआय-१००बीटी कुणी घ्यावा? ज्यांचा पीसीएम कुलूपबंद आहे किंवा दुसऱ्याने ट्यून केलेला असून पुन्हा उघडता येत नाही, ज्यांच्या क्लस्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्पीडो आहे आणि त्याला पीसीएमच्या मैलाला ४००० पल्सऐवजी भलतंच प्रमाण लागतं, किंवा ज्यांच्याकडे मॅन्युअल गिअरबॉक्सचा सिग्नल थेट स्पीडोला न्यायचा आहे. उदाहरणार्थ कॅमारोचा टी५६ गिअरबॉक्स आउटपुट शाफ्टच्या एका फेरीला १७ पल्स देतो. स्पीड आणि टॅक दोन्ही एकाच डब्यात, आणि अॅपमधून प्रमाण बदलताना डॅशखाली मान घालावी लागत नाही, ही त्याची खरी सोय. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या सेंडरवर घालावेत.

स्पीडो आणि ईसीडी-२००बीटी

सी१० चा स्पीडो केबलचा. जुन्या टीएच३५० किंवा ७००आर४ गिअरबॉक्समधून केबल निघायची. एलएससोबत येणाऱ्या ४एल६०ई मध्ये केबलला जागाच नाही. ७००आर४ चा आउटपुट शाफ्ट आणि मागचं हाउसिंग घालून ती जागा करता येते, पण त्यासाठी गिअरबॉक्स पूर्ण उघडायचा आणि पीसीएमला लागणारा वेगाचा सिग्नल पुन्हा कुठून तरी आणायचा. स्पीडोसाठी एवढा खर्च कुणी करू नये.

ईसीडी-२००बीटी हे काम सरळ करतो. डब्यात मोटर आहे, तिला केबल जोडायची, आणि वेगाच्या सिग्नलप्रमाणे ती फिरते. हिशेब समजला की सेटिंग सोपं : अमेरिकन केबल स्पीडो मैलाला १००० फेऱ्यांवर चालतात, म्हणजे ताशी ६० मैलांना केबल मिनिटाला १००० फेऱ्या मारते. सिग्नल मात्र कुठून घ्यायचा यावर बरंच अवलंबून आहे.

४एल६०ई च्या शेवटी ४० दातांची चकती असते. ४×४ असेल तर हा सेन्सर ट्रान्सफर केसवर असतो. मागचा अॅक्सल ३.७३ चा आणि टायर २८ इंचांचा धरला तर टायर मैलाला सुमारे ७२० फेऱ्या, शाफ्ट सुमारे २६८६, आणि सेन्सरचे पल्स जवळजवळ १,०७,४००. हा सिग्नल थेट डब्याला देता येतो, पण तो दोन वायरींचा एसी सिग्नल पीसीएमचा आहे. त्यालाच दुसरी शाखा काढली की कमी वेगात सिग्नल आणखी अशक्त होतो, गोंगाट शिरतो, आणि गिअर चुकीच्या वेळी पडायला लागतात.

त्याऐवजी पीसीएमची ५० नंबरची पिन वापरा. वायर गडद हिरवी-पांढरी, मैलाला ४००० पल्सचं स्वच्छ आउटपुट. अॅक्सल आणि टायरचं माप पीसीएममध्ये एकदा बरोबर भरलं की गिअर बदलण्याच्या वेळा आणि हे आउटपुट दोन्ही एकदमच बरोबर होतात. मग डब्याला फक्त एवढंच सांगायचं : ४००० आत, १००० बाहेर, चार पल्सना एक फेरी. पुढे टायर बदलले तरी बदल पीसीएममध्येच करायचा, डब्याला हात लावायचा नाही. २८ वरून ३१ इंचांवर गेलात आणि काहीच बदललं नाही, तर काटा ६० दाखवताना गाडी ६६ ने पळत असते.

टायरचं माप बाजूवरच्या आकड्यावरून काढू नका. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून मैलाच्या फेऱ्या हिशेबापेक्षा दोन-तीन टक्के जास्तच भरतात. टायर कंपनीच्या माहितीपत्रकात मैलाच्या फेऱ्यांचा आकडा दिलेला असतो, तो घ्या.

डबा कुठे बसवायचा, याला महत्त्व आहे. एक्झॉस्टपासून दूर, शक्यतो केबिनमध्ये डॅशखाली किंवा किक पॅनेलमागे. मोटरीचा बारीक आवाज येतो, म्हणून खाली रबर घाला. केबलला सहा इंचांपेक्षा आवळ वळण नको. वळण आवळ असलं की ताशी १५-२० मैलांना काटा नाचतो आणि लोक डब्याला दोष देतात. जुनी केबल बाहेर काढून आतली तार सपाट टेबलावर फिरवून बघा. तिला कुठे घडी असेल तर नवी घ्या, नाहीतर ग्रॅफाइट लावून घाला. जीएम गिअरबॉक्सकडचं टोक ७/८-१८ आट्यांचं असतं. डब्यासोबत तुमच्या केबलचं टोक जुळतं का, हे ऑर्डर देण्याआधीच बघा. पॉवर इग्निशनवरून, स्वतःच्या छोट्या फ्यूजमधून. अर्थ क्लस्टरच्याच बिंदूला, स्पार्कच्या वायरींपासून लांब.

शेवटचं जुळवणं जीपीएसशी ताडून, ते काम शेजारी बसलेल्याने करावं. ताशी ६० वर धरून अॅपमध्ये प्रमाण थोडं थोडं वर-खाली करायचं. पण त्याआधी महामार्गाच्या मैलाच्या पाट्या बघत दहा मैल ओडोमीटर तपासा. केबल स्पीडोत ओडोमीटर दातांच्या चाकांवर चालतो, काटा मात्र फिरतं चुंबक आणि केसासारखी स्प्रिंग यांच्या ओढाताणीवर. दहा मैलांना ओडोमीटर बरोबर दहा दाखवतोय आणि काटा पाच मैल जास्त, तर डब्याचं सेटिंग योग्य आहे आणि स्पीडोचं चुंबक किंवा स्प्रिंग बिघडली आहे. अशा वेळी अॅपमध्ये काटा ओढून बरोबर केला की ओडोमीटर खोटं बोलायला लागतो. स्पीडो दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावा. दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील तरच अॅप उघडायचं.

जेन-४ इंजिन आणि ६एल८०ई गिअरबॉक्स असेल तर वेग कॅन लाइनवर (कॉम्प्युटरांमधल्या डेटा लाइनवर) फिरतो, सोपी वायर हाती लागत नाही. त्यासाठी कंपनीची वेगळी ओबीडी (गाडीच्या स्कॅन टूलच्या सॉकेटला जोडायची) आणि जीपीएस मॉड्युलं मिळतात. ओबीडीचं घ्या. जीपीएस बोगद्यात आणि बंद गॅरेजमध्ये हरवतो, आणि गाडी निघाल्यावर काटा क्षणभर मागे राहतो. याच कामाचा दुसरा डबा म्हणजे अॅबटचा केबल-एक्स, तोही वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. फोनवरून सेट करण्याची सोय हवी असेल तर डकोटा सरस. केबलचा डबा सिग्नलच्या डब्यापेक्षा बराच महाग आहे, पण पूर्ण डिजिटल क्लस्टरच्या किमतीपुढे ते पैसे फार नाहीत.

भारतातल्या गाड्यांना यातलं काय लागू पडतं

महाराष्ट्रात जिप्सी किंवा जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन घालणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या मीटरांची रड अशीच असते. तिथे वरचे ओहमचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. ० ते ९० हे जीएमचं. फोर्ड आणि मूळ अमेरिकन जीपच्या मीटरांत रिकाम्याला सुमारे ७३ आणि भरलेल्याला १० ओहम, म्हणजे दिशाच उलटी. पाण्याची आणि रेझिस्टरची चाचणी मात्र कुठल्याही गाडीवर चालते, ती आधी करा आणि आपला तक्ता आपणच बनवा. जपानी मापाचे केबल स्पीडो किलोमीटरला ६३७ फेऱ्यांवर चालतात. इलेक्ट्रॉनिक असतील तर फेरीला चार पल्स, किलोमीटरला २५४८. मैलात हे सुमारे ४१०० होतात, म्हणून ४००० चं जीएम आउटपुट जपानी स्पीडोला दिलं तर तो दोन-अडीच टक्के कमी दाखवतो.

डिझेल इंजिनला स्पार्कच नाही, तेव्हा टॅकचा सिग्नल अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून घेतात. त्याचे पल्स पुलीच्या आकारावर ठरतात. पुली बदलली की टॅक पुन्हा जुळवायचं, आणि तिथे प्रमाण बदलणारा डबा उपयोगी पडतो. आणि इंजिनचा प्रकार बदलत असाल तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसी पुस्तकात नोंद हवी, ती इंजिन उतरवण्याआधी विचारून घ्या.